डोळ्याच्या बायोप्सीला कुठली बाटली काढायची? केआय-६७, पी५३, पी१६ वगैरे मंडळींचा रिव्ह्यू

निकाल आधीच सांगून टाकते म्हणजे घाईतले लोक मोकळे. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरची, बुबुळाच्या कडेची गाठ बायोप्सीला आली आणि सरांनी किंवा मॅडमनी सेल सायकलचे मार्कर (पेशीच्या विभाजनाच्या फेरीशी संबंधित प्रोटीन रंगवून दाखवणाऱ्या अँटीबॉडी, त्याच या बाटल्या) लावा म्हणून सांगितलं, तर केआय-६७ पहिला, बिनधास्त. पी५३ दुसरा, पण तो वाचता येणारं माणूस मायक्रोस्कोपवर असेल तरच. पी१६ कोणी नेमका प्रश्न विचारला असेल तेव्हाच. सायक्लिन डी१ ची बाटली फ्रिजमध्येच राहू द्या, ती लिम्फोमाची (लसीका ग्रंथींच्या कॅन्सरची) आहे. आणि या चौघांच्याही आधी तुकडा सपाट ठेवून, भरपूर फॉर्मलिनमध्ये आलाय का ते बघा, नाहीतर कितीही महागाची अँटीबॉडी ओता, हाताला काही लागत नाही.

मी हिस्टोपॅथच्या, म्हणजे शरीराचे तुकडे तपासायच्या लॅबमध्ये आयएचसीचं (अँटीबॉडीने पेशीतलं प्रोटीन रंगवायच्या पद्धतीचं) टेबल सांभाळते. रिपोर्टवर सही माझी नसते, पण स्लाइड लावणं, कंट्रोल (ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे तो नमुना) बघणं, उडालेलं सेक्शन (तुकड्याचा पातळ काप) परत कापणं आणि "अजून दोन सेक्शन निघतील का गं" या प्रश्नाला उत्तर देणं हे माझ्याकडे असतं. म्हणून हा रिव्ह्यू टेबलाच्या या बाजूचा समजा. कंपन्यांची नावं मुद्दाम घेत नाहीये, एकच क्लोन, म्हणजे अँटीबॉडीचा ठरावीक वाण, वेगवेगळ्या लेबलखाली मिळतो आणि आपल्या कामाला क्लोन महत्त्वाचा. तेव्हा केआय-६७ चा एमआयबी-१, पी५३ चा डीओ-७, पी१६ चा ई६एच४ आणि सायक्लिन डी१ चा एसपी४, या चार बाटल्यांबद्दल लिहितेय.

आजार आधी थोडक्यात, कारण हे वाचणाऱ्यांत पेशंटचे नातेवाईकही असतील. डोळ्याच्या वरच्या आवरणाचा, म्हणजे कंजंक्टायव्हा (पांढऱ्या भागावरचा पातळ पडदा) आणि कॉर्निया (बुबुळावरचा पारदर्शक पडदा) यांच्या एपिथेलियमचा, म्हणजे वरच्या पेशींच्या थराचा जो कॅन्सर किंवा कॅन्सरच्या आधीची अवस्था असते त्या सगळ्याला मिळून ओएसएसएन म्हणतात. लांबलचक नाव आहे, ऑक्युलर सरफेस स्क्वेमस निओप्लेझिया, १९९५ साली ली आणि हर्स्ट यांनी हे एकच छत्र सगळ्यांवर धरलं. त्याखाली सौम्य डिस्प्लेझियापासून (पेशी बिघडायला लागल्याची अवस्था) आत घुसलेल्या स्क्वेमस सेल कार्सिनोमापर्यंत सगळं येतं. बहुतेक वेळा जागा ठरलेली, पापण्या उघड्या असताना दिसतो तो भाग आणि त्यातही लिंबस, म्हणजे काळं-पांढरं जिथे भेटतं ती कड. मुख्य संशयित ऊन. १९९६ मध्ये लॅन्सेटमध्ये जो अभ्यास आला होता त्यात विषुववृत्तापासून दर १० अंश लांब गेलं की या कॅन्सरचं प्रमाण ४९ टक्क्यांनी उतरतं असं निघालं, युगांडात सगळ्यात वर आणि ब्रिटनमध्ये जवळजवळ नाहीच. दुसरा मोठा संशयित एचआयव्ही. तरुण माणसाला हा आजार झाला तर डोळ्याचे डॉक्टर एचआयव्ही टेस्ट करायला सांगतात ती उगाच नाही, नातेवाईक त्यावरून भडकतात पण कृपया भडकू नका. झेरोडर्मा पिग्मेंटोझम असलेल्या लहान मुलांना तर कोवळ्या वयात होतो, कारण उन्हाने बिघडलेला डीएनए दुरुस्त करायची सोयच त्यांच्या पेशींत नसते.

आता यात सेल सायकलचा संबंध काय. पेशी एकतर निवांत बसलेली असते, त्याला जी झिरो म्हणायचं, किंवा विभाजनाच्या फेरीत असते, जी वन, एस, जी टू आणि एम. एसटीचं उदाहरण घ्या, डेपोत उभी असलेली गाडी म्हणजे जी झिरो, आणि रस्त्याला लागलेली गाडी मग ती पहिल्या थांब्यावर असो की शेवटच्या, ती फेरीत. केआय-६७ रस्त्यावरच्या सगळ्या गाड्यांना रंगवतो आणि डेपोतल्यांना हातही लावत नाही. एवढंच त्याचं काम आणि म्हणूनच तो मला आवडतो, तो जास्त शहाणपणा करत नाही.

या अँटीबॉडीचा जन्म जर्मनीत कील शहरातला, १९८३ ला गर्डेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॉजकिन लिम्फोमाच्या पेशींवर ती बनवली. पण पहिली आवृत्ती फक्त फ्रोझन सेक्शनवर (गोठवून कापलेल्या) चालायची, पॅराफिन ब्लॉकवर (मेणात बसवून ठेवलेल्या तुकड्यावर) शून्य. मग नव्वदच्या सुरुवातीला एमआयबी-१ आला आणि सेक्शन गरम करून अँटीजेन (अँटीबॉडी जिथे चिकटते ती जागा) उघडं करायची युक्ती आली आणि जगभरच्या कपाटांत पडलेले ब्लॉक एकदम कामाचे झाले. आज आम्ही जे कुकरमध्ये स्लाइड शिजवतो, हो, अजूनही बऱ्याच लॅबमध्ये साधा प्रेशर कुकरच आहे आणि शिट्टीवरच हिशोब आहे, ते त्या युक्तीचंच पुढचं रूप.

डोळ्यावर केआय-६७ कसा दिसतो ते सांगते कारण इथेच त्याचे पैसे वसूल होतात. निरोगी कंजंक्टायव्हात फक्त तळाच्या थरातली, फार तर त्याच्या जरा वरची एखाद-दुसरी केंद्रकं तपकिरी होतात, वरचे थर निळे, शांत. लिंबसच्या स्टेम सेल तर स्वभावानेच संथ, त्या क्वचितच फेरीत असतात. ओएसएसएन असेल तर तपकिरी ठिपके वर चढायला लागतात, अर्ध्या जाडीपर्यंत, मग पूर्ण जाडीत, अगदी पृष्ठभागापर्यंत. आणि सगळ्यात देखणी गोष्ट म्हणजे सीमा, एका बाजूला शांत एपिथेलियम आणि पुढच्याच पेशीपासून गर्दी, मधे काही उतार वगैरे नाही. ही तुटक सीमा एच अँड ई वरही (नेहमीच्या निळ्या-गुलाबी स्लाइडवर) दिसते म्हणा, पण तुकडा चेपलेला असेल, पेशी धूसर असतील, किंवा डिस्प्लेझिया आहे की नुसती सूज यावर दोन सिनियरांचं जमत नसेल तेव्हा केआय-६७ ची स्लाइड मधे ठेवली की चर्चा बऱ्यापैकी आटपते.

पण टक्केवारीच्या नादाला लागू नका. ब्रेस्ट कॅन्सरमुळे सगळ्यांना सवय लागलीय, केआय-६७ म्हटलं की आकडा पाहिजे, आणि रिपोर्टवर आकडा नसला की सर्जनचा फोन येतो. डोळ्याच्या या आजारात अमुक टक्क्यांच्या वर कॅन्सर आणि खाली नाही अशी सगळ्यांनी मान्य केलेली रेषच नाही, तिथे कुठल्या थरात आहे ते बघायचं असतं, किती आहे ते नंतर. तुकडा एवढासा की मोजायला धड पाचशे पेशी मिळायची मारामार, त्यातल्या कुठल्या मोजल्या त्यावर आकडा इकडचा तिकडे होतो. आणि ब्रेस्टमध्ये तरी काय झालं बघा, २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने अबेमासिक्लिब या औषधासाठी केआय-६७ किमान २० टक्के पाहिजे अशी अट घातली आणि २०२३ मध्ये ती अट काढूनही टाकली. जिथे हजारो पेशंटचा डेटा होता तिथे ही गत, मग तांदळाच्या दाण्याएवढ्या तुकड्यावर १८ टक्के की २२ टक्के यावर भांडण्यात काय हशील.

केआय-६७ च्या मर्यादा दोन. एक, जखम भरत असेल, तिथे आधी एकदा बायोप्सी झाली असेल, अल्सर असेल, जोरात सूज असेल तर साध्या पेशीसुद्धा फेरीत उतरतात आणि स्लाइड रंगते, पण तेव्हा रंग खालच्या थरांत जास्त आणि वर जाता जाता विरळ होतो, हे बघायची सवय लागते. दुसरी मर्यादा मोठी, कॅन्सर आत घुसलाय का हे केआय-६७ सांगत नाही. ते बेसमेंट मेम्ब्रेन (एपिथेलियमच्या तळाशी असलेला पातळ पडदा) ओलांडली की नाही यावर ठरतं आणि ते डोळ्यांनीच बघावं लागतं. मी याला साडेचार स्टार देते, अर्धा कापला तो त्या टक्केवारीच्या वेडासाठी, त्यात बिचाऱ्या अँटीबॉडीचा दोष नाही तरी कापला.

आता तपकिरी रंगाचा घोळ, ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. आयएचसीचा नेहमीचा रंग डीएबी, तो तपकिरी. परदेशातल्या पुस्तकांतले फोटो बघाल तर निळ्या पार्श्वभूमीवर सुंदर तपकिरी ठिपके. आपल्या लोकांच्या कंजंक्टायव्हात मेलॅनिन असतं, तळाच्या थरात तर हमखास, आणि सावळ्या लोकांत ओएसएसएनची गाठही कितीदा रंगीत, काळपट असते, इतकी की दवाखान्यात मेलॅनोमा वाटून येते. मेलॅनिनचा रंग काय तर तपकिरी. म्हणजे नेमक्या ज्या तळाच्या थरात आपल्याला केआय-६७ मोजायचाय तिथेच निसर्गाने आधीच तपकिरी सांडून ठेवलंय. नवीन मुलं पहिल्यांदा बघतात तेव्हा "मॅडम, बेसल लेयर हंड्रेड परसेंट पॉझिटिव्ह" म्हणतात आणि मग त्यांना निगेटिव्ह कंट्रोलची स्लाइड दाखवायची, ज्यात अँटीबॉडी टाकलेलीच नाही, ती पण तितकीच तपकिरी.

यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे, लाल क्रोमोजेन (रंग देणारं रसायन) वापरा. एईसी घ्या किंवा अल्कलाइन फॉस्फेटेजवर चालणारा फास्ट रेड घ्या, लाल केंद्रक आणि तपकिरी रंगद्रव्य चटकन वेगळं कळतं. एईसीचा त्रास एवढाच की तो अल्कोहोलमध्ये विरघळतो, त्यामुळे शेवटी नेहमीसारखं अल्कोहोल-झायलीन करून माउंट केलं की रंग गेला, त्याला पाण्यातलं माउंटिंग लागतं आणि ती स्लाइड वर्षानुवर्षं टिकत नाही, फोटो लगेच काढून ठेवा. दुसरा पर्याय डीएबीच ठेवायचा पण हेमॅटॉक्झिलिन या नेहमीच्या निळ्या रंगाऐवजी जिम्सा लावायचा, मेलॅनिन हिरवट निळसर होतं आणि डीएबी तपकिरीच राहतं, हा स्वस्तातला उपाय आहे आणि जमलं तर झकास. तिसरा म्हणजे मेलॅनिन ब्लीच करणं, पण ब्लीचने पातळ सेक्शन काचेवरून सुटायची भीती असते, आणि डोळ्याच्या तुकड्यात दुसरं सेक्शन मिळेलच याची खात्री नसते म्हणून मी त्याला शेवटी हात लावते. लाल क्रोमोजेनचं किट घेऊन ठेवा एवढंच म्हणेन. खरेदी विभागवाले विचारतात कशाला पाहिजे, रंगच तर आहे, डीएबी आहे की आपल्याकडे. त्यांना दोन स्लाइड शेजारीशेजारी ठेवून दाखवा, सही होते.

पी५३ कडे येते. हा प्रोटीन १९७९ मध्ये सापडला, आणि त्याच्याएवढं लिहिलं गेलेलं दुसरं कॅन्सरचं प्रोटीन नसेल. डीएनए बिघडला की पी५३ पेशीची फेरी थांबवतो, पी२१ नावाच्या दुसऱ्या प्रोटीनला कामाला लावून, आणि दुरुस्ती होत नसेल तर पेशीला मरायला लावतो. चांगला पी५३ पेशीत फार वेळ टिकत नाही, एमडीएम२ नावाचं प्रोटीन त्याला सारखं संपवत असतं. बिघडलेला पी५३ मात्र एमडीएम२ ला कामाला लावू शकत नाही म्हणून तो साचत जातो आणि आपल्याला स्लाइडवर गडद दिसतो. म्हणजे डीओ-७ ही बाटली बिघाड ओळखत नाही हे पक्कं लक्षात ठेवा, तिला चांगला आणि वाईट पी५३ सारखाच दिसतो, ती फक्त साठा दाखवते.

त्यामुळे "पी५३ पॉझिटिव्ह" असा नुसता शब्द रिपोर्टवर आला की माझ्या कपाळाला आठी पडते. पॉझिटिव्ह म्हणजे कसा? इथेतिथे, कुठे फिकट कुठे मध्यम, हा तर साधा पॅटर्न. सलग सगळी केंद्रकं गडद, हा बिघाडाचा. आणि आजूबाजूच्या साध्या पेशी थोड्या रंगल्यात पण गाठीत एकही नाही, पूर्ण कोरी, तर तोसुद्धा बिघाडाचाच असू शकतो, प्रोटीन बनतच नाहीये. हा कोरा पॅटर्न नवीन लोक निगेटिव्ह म्हणून सोडून देतात. डोळ्यात अजून एक गुंता आहे, ऊन. टेरिजियम, म्हणजे आपल्याकडे डोळ्यात मांस वाढलं म्हणतात ते, त्याच्यातही लिंबसच्या तळाच्या पेशींत पी५३ दिसतो, आणि टेरिजियम हा कॅन्सर नव्हे. उन्हाने तळलेल्या एपिथेलियममध्ये पी५३ थोडा वर असणारच, अल्ट्राव्हायोलेटचा ठसा या जीनवर पडतो, डीएनएच्या अक्षरांत सीसी च्या जागी टीटी, हे त्वचेच्या कॅन्सरमध्ये चांगलं माहितीचं आहे. म्हणून पी५३ एकटा कधीच लावू नका, केआय-६७ च्या शेजारच्या सेक्शनवर लावा आणि दोन्ही स्लाइड एकाच जागी बघा. गडद सलग पी५३ आणि पूर्ण जाडीत केआय-६७ एकत्र आले तर सूज वगैरे म्हणायची सोय राहत नाही. तीन स्टार. साधारण वाचकाच्या हातात दोनच.

पी१६. याच्याबद्दल बाजारात फार गैरसमज आहे. त्याचं काम समजायला रस्ता थोडा लांबचा आहे पण चला. सायक्लिन डी१ हा सीडीके४ आणि सीडीके६ या एन्झाइमांबरोबर जोडी करून आरबी या ब्रेकचं काम करणाऱ्या प्रोटीनवर फॉस्फेट चढवतो, मग आरबीने धरून ठेवलेला ई२एफ (पुढच्या टप्प्याचे जीन चालू करणारं प्रोटीन) सुटतो आणि पेशी एस फेजमध्ये शिरते. पी१६ हे सीडीके४ आणि सीडीके६ ला अडवतो. धोकादायक एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) शिरला की त्याचं ई७ प्रोटीन आरबीलाच निकामी करतं, मग पी१६ कितीही अडवत बसला तरी उपयोग नसतो आणि तो साचत जातो. म्हणून गर्भाशयाच्या तोंडाच्या बायोप्सीत आणि घशाच्या कॅन्सरमध्ये भरगच्च पी१६ म्हणजे एचपीव्ही असं गृहीत धरायची पद्धत पडली, घशात तर ७० टक्के पेशी, जोरदार, केंद्रक आणि सायटोप्लाझम दोन्हीत, असा नियमच आहे.

तो नियम उचलून डोळ्यावर ठेवायचा नाही. डोळ्यात एचपीव्हीचा वाटा किती यावरच अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत, एका देशात बराच सापडतो, दुसऱ्या देशात जवळजवळ नाही. आणि आरबीचा रस्ता बिघडायला एचपीव्हीच लागतो असं थोडीच आहे, दुसऱ्या कारणाने बिघडला तरी पी१६ वर येतो. तुम्हाला एचपीव्हीच बघायचा असेल तर पीसीआर करा किंवा इन सिटू हायब्रिडायझेशन करा, या दोन्ही तपासण्या व्हायरसच थेट शोधतात, पी१६ वरून अंदाज बांधून पेशंटला "तुम्हाला अमुक व्हायरस आहे" सांगणं हा अन्याय आहे, विशेषतः ज्या व्हायरसचं नाव काढलं की घरात काय काय बोललं जातं ते आपल्याला माहितीय. मऊ फुलकोबीसारखा पॅपिलोमा, जो एचपीव्ही ६ आणि ११ मुळे होतो, तो वेगळा विषय, त्या प्रकारांत पी१६ भरगच्च येत नाही. ई६एच४ क्लोन म्हणून बघाल तर झकास आहे, पार्श्वभूमी स्वच्छ, कंट्रोल कधी दगा देत नाही. अँटीबॉडीला पाच, डोळ्याच्या कामाला दोन.

सायक्लिन डी१ वर फार वेळ घालवत नाही. मँटल सेल लिम्फोमात लाखमोलाचा, पण कंजंक्टायव्हाच्या तळाच्या थरात थोडा असतोच, गाठीत थोडा जास्त असतो, आणि त्या "थोडा जास्त" वर कोणी उपचार बदलत नाही. रिसर्चला ठीक. सायक्लिन या घराण्याचा शोध मात्र मजेशीर आहे, १९८२ च्या उन्हाळ्यात टिम हंट अमेरिकेत वुड्स होलला समुद्री अर्चिनच्या अंड्यांवर काम करत होते आणि एक प्रोटीन दर विभाजनाला गायब होऊन परत येताना दिसलं, त्यावर २००१ चं नोबेल, हार्टवेल आणि नर्स यांच्यासोबत. म्हणून बाटलीबद्दल आदर आहे, डोळ्यासाठी मागवायची मात्र नाही.

पीसीएनए हा जुना मार्कर अजून कुठे कुठे लावतात असं दिसतं, जुन्या पेपरांत तर सगळीकडे. तो सोडा. विभाजन संपलं तरी तो बराच वेळ रेंगाळतो आणि डीएनए दुरुस्तीच्या कामातही असतो, उन्हाने भाजलेल्या डोळ्यात दुरुस्ती चालूच असते, मग सगळीच स्लाइड तपकिरी. त्याउलट फॉस्फोहिस्टोन एच३ हा जरा दुर्लक्षित राहिलाय असं माझं मत, तो जवळजवळ फक्त मायटोसिसमधल्या (प्रत्यक्ष दोन होत असलेल्या) पेशी रंगवतो, त्यामुळे चेपलेल्या तुकड्यात हा मायटोसिस की मेलेली पेशी हा वाद मिटतो आणि वरच्या थरात एक जरी ठळक दिसला तरी मॅडम खूश. बजेटमध्ये बसत असेल तर सायक्लिन डी१ ऐवजी हा घ्या.

खरेदीबद्दल. डोळ्याच्या केस महिन्याला किती येतात, हाताच्या बोटांवर. फक्त त्यांच्यासाठी कुठलीही बाटली घेतली तर एक्स्पायरी आधी येणार. पण केआय-६७ ब्रेस्टला आणि लिम्फोमाला रोज लागतो, पी५३ एंडोमेट्रियम आणि ओव्हरीला लागतो, पी१६ सर्व्हिक्स आणि घशाला, म्हणजे तिन्ही बाटल्या फ्रिजमध्ये असतातच. केआय-६७ कॉन्सन्ट्रेट घ्या आणि स्वतः टायट्रेट करा (किती पातळ करायचं ते ठरवा), प्रत्येक स्लाइडला साधारण १०० मायक्रोलीटर धरलं तर कॉन्सन्ट्रेट खूपच स्वस्त पडतं. कमी चालणारे रेडी टू यूज घ्या, महाग दिसतात पण फेकावे लागत नाहीत. एका वितरकाने आम्हाला एकदा कोल्ड चेनची बोंब असलेली खेप दिली होती, आइस पॅक पाणी झालेले, बाटली कोमट, आणि वर "चालतं हो मॅडम" असं उत्तर. चालत नाही. टॉन्सिलचा कंट्रोल फिकट आला तेव्हा परत पाठवली. टॉन्सिल हा केआय-६७ चा सगळ्यात प्रामाणिक कंट्रोल, जर्मिनल सेंटर (पेशी भराभर वाढतात तो मधला भाग) गच्च तपकिरी आणि भोवतीचा मँटल (शांत पेशींचं कडं) जवळजवळ कोरा पाहिजे, आणि तो पेशंटच्या सेक्शनबरोबर त्याच काचेवर ठेवा, वेगळ्या स्लाइडवर नको.

आता ओटीतल्या लोकांना दोन शब्द, रागवू नका. कंजंक्टायव्हाचा तुकडा कापला की लगेच गुंडाळतो, सुरळी होते, आणि सुरळी झालेला तुकडा ब्लॉकमध्ये कसाही तिरका बसतो. तिरका कापला गेला की तळाचा थरच जाड दिसतो, केआय-६७ पूर्ण जाडीत दिसतो, आणि साध्या माणसाला डिस्प्लेझिया चिकटतो. कुठल्याही क्लोनची ही चूक नाही. तुकडा काढला की फिल्टर पेपरवर किंवा टाक्यांच्या पाकिटातल्या पुठ्ठ्यावर, एपिथेलियम वर करून सपाट पसरा, मिनिटभर चिकटू द्या, कुठली कड नाकाकडची कुठली बुबुळाकडची ते लिहा किंवा टाका घालून खूण करा, आणि मग पेपरसकट फॉर्मलिनमध्ये सोडा. फॉर्मलिन १० टक्के बफर्ड, तुकड्याच्या निदान दहापट. आमच्याकडे एका ठिकाणाहून सलाइनमध्ये तुकडे यायचे, इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत, कडेला वाळून चिकटलेले. असा तुकडा फिक्स व्हायला उशीर झाला की केआय-६७ खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो, मग पॅथॉलॉजिस्टने काय करावं.

कापलेली सेक्शन्स महिनोन् महिने ड्रॉवरमध्ये ठेवून मग मार्कर लावू नका, पी५३ आणि केआय-६७ दोन्ही फिके पडतात. डोळ्याचा तुकडा आला की मी पहिल्याच कटला एच अँड ई बरोबर पाच-सहा कोरी सेक्शन चार्ज्ड (सेक्शन घट्ट धरणाऱ्या) स्लाइडवर घेऊन ठेवते, तीन-चार मायक्रॉनची, कारण दुसऱ्यांदा ब्लॉक मायक्रोटोमला (काप काढायच्या यंत्राला) लावून तोंड सरळ करण्यातच उरलेला तुकडा संपतो. साध्या काचेवर घेऊ नका, कुकरमध्ये उडतात. लागली नाहीत तर नाही लागली.

पेशंटच्या घरच्यांसाठी. लॅबने सांगितलं की मार्करचे वेगळे पैसे पडतील तर एवढंच विचारा की एच अँड ई वर निदान स्पष्ट आहे का. स्पष्ट असेल तर मार्करने तुमच्या उपचारात काही फारसं बदलत नाही. सर्जन कडेचं निरोगी दिसणारं आवरणही काही मिलिमीटर सोडून काढतात, कडा गोठवतात, किंवा मायटोमायसिन, फाइव्ह एफयू, इंटरफेरॉनचे ड्रॉप्स देतात, हे सगळं गाठ केवढी, कुठे आणि कड मोकळी आहे का यावर ठरतं. परत उगवण्याची काळजी असेल तर रिपोर्टमध्ये मार्जिनची, म्हणजे कापलेल्या कडेची, ओळ आधी वाचा, केआय-६७ चा आकडा नंतर. निदान अडलं असेल तर मात्र पैसे घाला, तिथे केआय-६७ खरंच उपयोगी पडतो. आणि एकाच डोळ्याची लाली महिनोन् महिने जात नसेल, पापणीही जाड झाली असेल, तर सेबेशियस कार्सिनोमा नावाचा दुसरा गडी ओएसएसएनचं सोंग घेऊन येतो, त्याला हे सेल सायकलवाले मार्कर ओळखत नाहीत, त्याला ॲडिपोफिलिनसारखी वेगळी बाटली लागते.

अजून एक, फॉर्मवर लिहायची गोष्ट. बायोप्सीच्या आधी मायटोमायसिनचे ड्रॉप्स चालू होते का ते लिहाच. त्या औषधाने साध्या पेशींची केंद्रकंसुद्धा फुगतात, विचित्र दिसतात, औषध थांबवल्यावर काही महिने तसंच राहतं, आणि डीएनएला धक्का बसलेला असल्याने पी५३ पण वर आलेला असू शकतो. फॉर्मवर फक्त "लिंबल मास, राइट आय" एवढंच लिहून आलं की आम्ही इकडे सगळ्या बाटल्या काढून बसतो, आणि औषधाची गोष्ट दोन दिवसांनी फोनवर कळते.